चूलबंद आवतण

नागूतात्यांना माणूस दिसला की आधी त्याच्या पुऱ्या दिसायच्या. माझी येरमाळ्याच्या शाळेत बदली झाली त्या दिवशी मी, आई आणि धाकटी बहीण कुसुम बैलगाडीतून सामान उतरवत होतो. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, वाळलेला म्हातारा माझ्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं, आता नाव-गाव विचारील. तो म्हणाला, "आठ पुऱ्या. भात दोनदा. गोडाचं वेड न्हाय." मग आईकडं नजर वळवून, "वैनी तीन," आणि कुसुमकडं बघून, "पोरगी पाच खाईल, पर लाजून तीनच घिईल." एवढं सांगून तो घरात गेला. चार दिवसांनी आईनं मुद्दाम पुऱ्या केल्या. मी आठव्या पुरीला थांबलो. तेव्हापासून मला ह्या माणसाचा थोडा रागच यायला लागला.

ही नजर त्यांनी निजामाच्या राज्यात कमावली होती. तात्या बार्शीकडच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे मालावर जकात घेणाऱ्या चौकीवर, कारकून होते. गाडी उभी राहिली की पोतं न सोडता आत काय आहे आणि किती आहे ते सांगायचे. मग हैदराबाद विलीन झालं, हद्द गेली, नाका उठला. सरकारनं तात्यांना घरी पाठवलं, पण नजरेला कोण घरी पाठवणार? ती माणसांवर चालू लागली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको फार वर्षांपूर्वी पटकीत गेली, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं गावात कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की तात्या न बोलावता हजर व्हायचे आणि खर्च कापायला बसायचे. एका चहाशिवाय कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. मुलाच्या लग्नात मात्र पाऊल टाकायचे नाहीत. "पोराचा बाप घिणाऱ्यातला. त्येचं काय वाचवायचं?" म्हणायचे.

त्यांचे दोनच शब्द होते, "उगं कशाला?" मुलीच्या बापानं दहा गॅसबत्त्या म्हणायचं अवकाश. "उगं कशाला? पुनवेच्या आदल्या दिवशीचा मुहूर्त धरा, वर फुकटची बत्ती हाय." मांडवाला केळीचे खांब? "उगं कशाला? आंबा तुमचा, पानं तुमची." मांडववाल्याशी सौदा करताना ते आकडा बोलायचे, नाणं बोलायचे नाहीत. पैसे द्यायच्या वेळी निजामाचा हाली रुपया काढायचे. इंग्रजी कलदार रुपयापुढं त्याचं मोल कमी. मांडववाला कपाळावर हात मारायचा. नंतर नंतर तालुक्यातले मांडववाले तात्या दिसले की आधी "कलदार" एवढाच शब्द उच्चारायचे आणि मगच रामराम घालायचे.

एकदा एकाच संध्याकाळी गावात दोन वराती होत्या. तात्यांच्या बाजूच्या वरातीला वाजंत्रीच नाही. ती वरात त्यांनी दुसऱ्या वरातीच्या बरोबर मागं लावली. पुढची थांबली की मागची थांबायची, पुढं हलगी घुमली की मागची पोरं नाचायची. पुढच्या नवरदेवाचा बाप भांडायला आला. तात्या शांतपणे म्हणाले, "वाजवायचे पैसे तुम्ही दिले. ऐकायचेबी पैसे पडत्यात का, एवढं सांगा." तो गृहस्थ आपल्याच हलगीवाल्यांवर ओरडत परत गेला.

दारूकामासाठी, म्हणजे फटाक्यांसाठी, तात्या तेरखेड्याला जायचे आणि पावसात भिजलेला माल निम्म्या किमतीत आणून घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, दोन दिवस वाळवायचे. एका लग्नात त्यातले सातच बार उडाले. उरलेले त्यांनी उकिरड्यावर फेकले. पाचव्या दिवशी कुणीतरी पाला पेटवला आणि नवरी पाचपरतवणाला माहेरी पाऊल टाकत असतानाच सगळे उडाले. बैल दावं तोडून पळाले, नवरीनं बोचकं टाकलं. तात्या म्हणाले, "बघा, येका पैशात दोनदा."

तर अशा माणसाच्या हाती मी कुसुमचं लग्न दिलं. दुसरा इलाजच नव्हता. वडील नव्हते, पगार मास्तराचा, आणि आईची एकच अट होती की कर्ज काढायचं नाही. स्थळ नळदुर्गचं, चांगलं होतं. पण व्याही बैठकीतच म्हणाले होते, "आम्हाला हुंडा नको. आमची माणसं तेवढी पोटभर जेवली पाहिजेत." ह्या वाक्याची मला हुंड्यापेक्षा जास्त भीती वाटली. लग्नात अन्न कमी पडलं तर बाप-भाऊ चार दिवस तोंड लपवतात आणि मोकळे होतात. पोरीला ते जन्मभर ऐकावं लागतं. कुसुम अशी की कुणी बोललं तर उलटून बोलायची नाही, कोपऱ्यात जाऊन निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसायची.

साठवलेले सगळे पैसे मी तात्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी कापायला सुरुवात केली. दारूकाम बंद. बत्त्या दोन. वाजंत्री मुहूर्तापुरती. मांडवाच्या बांबूंऐवजी त्यांनी माझ्या शाळेतल्या कवायतीच्या काठ्या दोन-दोन जोडून उभ्या केल्या. पुढच्या सोमवारी मुलांनी कवायत केली तेव्हा निम्म्या काठ्यांना आंब्याची पानं लटकत होती आणि हेडमास्तर माझ्याकडं बघत होते.

राहिलं गावाचं आवतण. आमच्याकडं ते दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एकानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, रांगत्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. चूलबंद द्यावं ते देशमुख-पाटलांनी. मास्तरानं घरटी एक दिलं तरी गाव नावं ठेवत नाही.

"घरटी एक," मी म्हणालो.

"मुनासिब हाय," तात्या म्हणाले. "अक्षता माझ्याकडं द्या. उगं कशाला माणूस लावता, म्याच फिरतो घरोघर."

लग्नाच्या दिवशी दुपारी पहिली पंगत व्याह्यांकडची बसली. व्याही आल्यापासून कुरकुरत होते. "लग्न हाय का पारायण? आवाजच न्हाय कशाचा." पण बुंदी आली, पुऱ्या आल्या, हणमंता आचाऱ्याच्या हातची वांग्याची भाजी आली आणि कुरकूर थांबली. दुसरी पंगत गावातल्या पुरुषांची. तीही नीट पार पडली. मी घाम पुसला आणि कुसुमला सांगायला निघालो की आता काळजी नाही.

तेवढ्यात ओढ्याकडच्या आळीतून माणसं येताना दिसली. ही रोजगाराला जाणाऱ्यांची आळी. घरटी एक म्हटलं तर तिथून वीसेक माणसं यायची. आली ती रांगच होती. बायका, कडेवर पोरं, पोरांच्या हाताला धरून पोरं, काठ्या टेकत म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या. सगळ्यात पुढं एक आजी होत्या. मी त्यांना हळूच विचारलं, "आजी, आवतण घरटी एकाचं होतं ना?"

"न्हाय गा मास्तर," त्या म्हणाल्या. "तात्या दारात आले, म्हणले, आज चूल पेटवू नगंस, समदी लेकरं घिऊन ये. म्या तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणले."

मी स्वयंपाकाच्या चुलाण्याकडं धावलो. तात्या कढईशेजारी पाटावर बसून पुऱ्या मोजत होते. मी मास्तर आहे, आवाज चढवायची मला सवय आहे, पण व्याह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या दिवशी दबक्या आवाजात बोललो. "तात्या, माझं घर बुडवलंत तुम्ही," मी म्हणालो. "व्याही तिथं पान खात बसलेत. आता ह्या माणसांना मी काय माघारी पाठवू? माझ्या बहिणीनं जन्मभर काय ऐकायचं?" आणखीही बरंच बोललो. कंजूष म्हणालो, लोकांच्या लग्नात मिरवणारा म्हणालो. ते सगळं इथं लिहायची मला लाज वाटते.

तात्यांनी वर बघितलं नाही. "बसवा त्येंना," म्हणाले. "चूलबंद ह्या आळीलाच दिलंय, एकशे चार हायेत. हणमंता, गोठ्यातला हंडा काढ."

आमच्या मागच्या गोठ्यात, कडब्याआड, वरणाचा एक मोठा हंडा, भाताचा एक, आणि दोन टोपल्या बुंदी झाकून ठेवली होती. दारूकाम, बत्त्या, बांबू, वाजंत्री, सगळं त्या गोठ्यात जाऊन बसलं होतं. मी दिलेल्या पैशांतच.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही नगं म्हणला असता."

मी नको म्हटलं असतं हे खरंच होतं. तात्या पुऱ्यांच्या टोपलीवर फडकं टाकत पुढं बोलले, पण आवाज खाली गेला होता. "मास्तर, घरटी एक म्हंजी बाप जेवून घरी जातो. घरात पोरं जागी असत्यात. ती काय करत्यात म्हाईत हाय? त्येचा हात हुंगत्यात. तुपाचा वास असतोय. म्या हुंगलाय."

मी टोपली उचलली आणि वाढायला गेलो.

पंगत रस्त्यापर्यंत गेली होती. व्याही पान चघळत उभे राहून बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, गावाला चूलबंद दिलं? आमच्याकडं हे मोठ्या वाड्यावाल्यांनाबी जमत न्हाय. सांगायचं न्हाय का आधी?" मग त्यांनी धोतर खोचलं आणि स्वतः मठ्ठ्याचं भांडं घेऊन पंगतीत शिरले. कुसुम खिडकीतून बघत होती. तिचा सासरा आमच्या गावातल्या रोजगाऱ्यांच्या पोरांना आग्रह करत होता. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यासाठी मी दहा वर्षं कर्ज फेडलं असतं. ते मला फुकट मिळालं, आणि ज्यानं दिलं त्याला मी तासाभरापूर्वी नाही नाही ते बोललो होतो.

तात्या शेवटच्या पंगतीलाही बसले नाहीत. भांडी मोजून हणमंताच्या ताब्यात दिली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत घरी गेले. दुसऱ्या दिवशी कुसुम नळदुर्गला गेली. घर ओकंबोकं झालं. आई म्हणाली, "तात्यांना माफी माग." मी ओट्यापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. शेजारच्या माणसाची माफी मागणं फार अवघड असतं, तो रोज दिसतो.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडं येडाई देवीचा पुरणाचा नैवेद्य होता. सकाळी मी वाटीत अक्षता घेतल्या आणि तात्यांच्या दारात गेलो. आत चुलीवर तवा होता, ते परातीत भाकरीचं पीठ मळत होते. एक परात, एक ताट, एक तांब्या. त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि म्हणालो, "तात्या, आज आमच्याकडं जेवायला यायचं. चूलबंद."

त्यांनी हाताचं पीठ परातीच्या काठावर निपटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "येकट्याला काय घरटी एक आन् काय चूलबंद. दोन्हीचं माणूस तेवढंच."

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "आवतण चूलबंदचं आहे."

तात्या उठले. मळलेलं पीठ झाकून ठेवलं. तवा उतरवला. जळती लाकडं मागं ओढली आणि त्यांच्यावर ओंजळीनं पाणी मारलं. धूर थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, तांब्या भरून घेतला आणि बाहेर आले. दार लोटलं, कडीला हात घातला, आणि थांबले. पुन्हा दार उघडून त्यांनी आत एकदा नजर फिरवली, कुणी मागं राहिलं नाही ना म्हणून घरचा कर्ता फिरवतो तशी. मग कडी लावली.