बी विंगचं हवामान खातं

आमच्या सोसायटीत बी विंगच्या पहिल्या मजल्यावर लाल पंचा वाळत घातलेला दिसला की समजायचं, अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. दोन पंचे म्हणजे वादळ. तीन पंचे एकदाच लागले होते. आम्ही घाबरून मेणबत्त्या आणल्या, तेव्हा चुरीकाकूंनी वरून ओरडून सांगितलं की आज ते खरोखरच धुतलेत.

पंचे मोरेश्वर चुरी यांचे, म्हणजे आमच्या चुरीकाकांचे. काका मूळचे वसईच्या किनाऱ्यावरच्या भुईगावचे. लाटांचा आवाज ऐकत वाढलेले. पुढे नोकरीपायी वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला आणि समुद्र सुटला. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, समोरची सी विंग दिसते. मग काकांनी समुद्र वाचायला सुरुवात केली.

वाचन सगळं रद्दीवाल्याकडचं, किलोच्या भावाने. जुन्या कप्तानांच्या आठवणी, हवामानशास्त्राची क्रमिक पुस्तकं, जे हाती लागेल ते. सध्या मुक्काम अमेरिकेतल्या हरिकेनवरच्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात आहे. त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लीत. वादळ फ्लोरिडाच्या अगदी दाराशी येतं आणि पुस्तक संपतं. "काका, मोबाइलवर शोधून देऊ का पुढे काय झालं ते?" मी एकदा विचारलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटातला पापड उचलला होता.

"अगं वृंदा, वाचणाऱ्या माणसाला शोभतं का ते? माझ्या हिशेबी ते वादळ अजून समुद्रातच आहे."

फ्लोरिडाच्या लोकांना तेवढाच दिलासा.

नुसतं वाचून गप्प बसते तर ते चुरीकाका कसले! लिफ्टशेजारी सोसायटीचा फळा आहे. त्यावर पूर्वी 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच साहित्य प्रसिद्ध होई. काकांनी तो ताब्यात घेतला आणि रोज सकाळी खडूने हवामानाचं बुलेटिन सुरू केलं. खाली सही, 'हवामान खातं, बी विंग'. देशोदेशीचे लोक आळीपाळीने वादळांना नावं ठेवतात हे त्यांनी वाचलं होतं. मग आपण का मागे राहायचं? काकांची वादळं आमच्या आसपासच निघायची.

'पंपाजवळ कमी दाबाचा पट्टा कायम. चौथ्या मजल्यावरच्यांनी बादल्या भरून ठेवाव्यात.'

''चेअरमन' हे वादळ सर्वसाधारण सभेत घोंघावून चहापाण्यानंतर विरून गेले.'

''आश्वासन' हे वादळ हात जोडून गेटपर्यंत आले. पाणी मात्र टँकरनेच येईल.'

निवडणूक आली की काकांना उधाण यायचं. "वादळ आणि पुढारी, अभ्यास एकच," ते मला जिन्यात अडवून सांगायचे. "दोघंही तापलेल्या पाण्यावर पोसतात. दोघंही रात्रीत दिशा बदलतात. फरक एवढाच, वादळ जमिनीवर आलं की त्याचा जोर ओसरतो, आणि पुढाऱ्याला जमीन मिळाली की वाढतो. पुस्तकात आहे!"

कुठल्या पुस्तकात, ते विचारायचं नसतं.

या फळ्याने एकदा मात्र काकांचं घर फोडलं. काकांचे थोरले भाऊ, दादा, अजून भुईगावलाच असतात. समुद्राजवळ कौलारू घर, मागे केळीची वाडी. मागच्या निवडणुकीला दादांच्या अंगात आलं आणि ते नगरसेवकपदासाठी उभे राहिले. काकांच्या हातात खडू होता. त्यांनी लिहिलं, ''दादा' हे वादळ गरजते फार, बरसत नाही. धोक्याचा इशारा नाही. मतदारांनी सुखाने झोपावे.'

कुणीतरी फोटो काढला. मतदानाआधी तो भुईगावभर फिरला आणि मतदार खरंच सुखाने झोपले. दादांचं डिपॉझिट गेलं. त्या वर्षी काका गणपतीला गेले, तर दादा मागच्या दाराने केळीत निघून गेले, ते आरतीलाही आले नाहीत. मग काका जायचे थांबले. फळ्यावर पुन्हा दादांचं नाव आलं नाही. एक ओळ मात्र नवीन आली. चेअरमन असो, टँकर असो, आभाळ निरभ्र असो, बुलेटिनच्या शेवटी रोज एकच, 'भुईगाव किनारा : वारा आहे. काळजी घ्यावी.'

फळा वाचणारे आम्ही सगळे वसई पूर्वेचे. आम्ही काय काळजी घेणार? म्हातारपण, म्हणून सोडून द्यायचो.

आणि मग यंदा खरंच वादळ आलं. म्हणजे येणार होतं, संध्याकाळपर्यंत. ऑफिसं बंद, शाळा बंद. सकाळी मी उत्साहाने खाली गेले, की आज काका फळा फोडणार. फळा कोरा. शेजारी काका उभे. अंगात रेनकोट, एका खांद्यावर नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते फ्लोरिडाचं पुस्तक.

"वृंदा, मला स्कूटरवरून भुईगावला सोड."

"काका, तिकडे वादळ येतंय."

"म्हणून तर! दादाच्या घरावर चिंच वाकलीय. तिला दोरी बांधली पाहिजे. पुस्तकात आहे."

"आणि दादा परत मागच्या दाराने गेले तर?"

काकांनी खांद्यावरचं भेंडोळं सावरलं. मग म्हणाले, "मागच्या दाराशीच चिंच आहे."

निघालो. पूल ओलांडून पश्चिमेला लागलो तसा वारा अंगाशी झोंबायला लागला. काका मागून वाऱ्याचा वेग सांगत होते आणि प्रत्येक वळणावर दोरी माझ्या गळ्यात येत होती. मला एकीकडे हसू येत होतं, एकीकडे धाकधूक होती. चर्चमागून बोळात शिरलो, तेव्हा मात्र काकांचं बुलेटिन बंद पडलं.

दादा ओट्यावरच बसले होते. हुबेहूब काका, फक्त मिशा जास्त. काका अंगणात दोरी धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "वाऱ्याचा वेग... संध्याकाळी वाढण्याची शक्यता आहे."

"ते म्हाईत हाय," दादा म्हणाले. "आज फळ्यावर काय नाय लिवलंस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"तू... वाचतोस?"

"रोज. पोरं फोटो टाकतात मोबाइलवर. चेअरमनवर लिवतोस, टँकरवाल्यावर लिवतोस. माज्यावर तवापासून एक ओळ नाय. मी काय मेलो काय रे मोऱ्या?"

"खाली लिहितो ना रोज," काका पुटपुटले. "काळजी घ्यावी म्हणून..."

"ती कोनाला लिवतोस ते मला समजत नाय होय? पन अशी बिननावाची काळजी काय करायची? शिवी घाल, पन नाव घेऊन घाल."

काकांचा चष्मा ओला झाला होता. पाऊस अजून सुरू व्हायचा होता. दादा उठले, दोरीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघे म्हातारे एकमेकांवर खेकसत चिंचेकडे गेले. गाठ कशी मारायची यावरून पुन्हा अबोला होतो की काय, अशी मला भीती वाटली. काका त्या दिवशी परत आले नाहीत. वादळाने संध्याकाळी बाहेरच्या बाहेर दिशा बदलली. थोड्या केळी आडव्या झाल्या, चिंच जागची हलली नाही. ते श्रेय कुणाचं, यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे.

काका परतले ते केळ्यांचा घड घेऊन. घड जिन्यात ठेवून आधी फळ्याकडे गेले.

''दादा' हे वादळ भुईगावच्या ओट्यावर ठाण मांडून आहे. जेवल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. मतदारांचा अंदाज चुकला, हवामान खात्याचा त्याहून जास्त.'

खाली 'बी विंग' लिहिता लिहिता ते थांबले. ते पुसून त्यांनी लिहिलं, 'धाकटा भाऊ'. मग हातावरचा खडू झटकत मला म्हणाले, "फोटो काढ गं. नाव नीट दिसू दे."