आईच्या वजनाचा कॅमेरा

एका जंगलात, मुलांनो, भागोजी नावाचं एक अस्वल राहत होतं. नीट बसा, पाय पसरू नका. गोष्ट काही फार लांब नाही.

भागोजीची गुहा माझ्या बिळाला लागूनच. मी साळिंदरीण. मला कुणाच्या घरात डोकावायची सवय नाही. पण आमच्या मधल्या भिंतीला एक भोक आहे आणि ते नेमकं माझ्या कानाच्या उंचीवर आहे. त्याला मी काय करणार?

तर भागोजीच्या घरात तिघं. भागोजी, त्याची बायको अंजनी आणि म्हातारी आई सोनाई. सोनाईचे गुडघे गेले होते. गुहेच्या दारापर्यंत यायचं तरी ती दोनदा बसायची.

त्या वर्षी कारवी फुलणार होती. कारवी माहीत आहे ना? डोंगरावरचं झुडूप. सात वर्षं गप्प बसतं आणि मग एकदाच असं फुलतं की अख्खं पठार जांभळं होतं. सोनाईचं माहेर त्या पठारावरचं.

एका सकाळी ती म्हणाली, "भागू, यंदा मला कारवी दाखव रे. पुढच्या खेपेला मी काही नसेन."

"काहीतरीच काय बोलतेस, आई!" भागोजीला गहिवरून आलं. मनाने तो चांगला आहे हो. "दाखवतो की. तू इथे बसल्याजागी बघशील. मी वर जातो आणि सगळं शूट करून आणतो. फोर-केमध्ये."

"फोर-केमध्ये की कशात, मला काय त्याचं? मला नाही का नेता येणार?"

"तुला कशाला दगदग?" भागोजी म्हणाला. "मी आहे ना."

झालं. आता मुलांनो, शूट करायचं म्हणजे कॅमेरा हवा. आणि कॅमेरा हवा म्हणजे त्रिंबककडे जायला हवं.

त्रिंबक म्हणजे वानर. जांभळाच्या शेंड्यावर बसून तो सगळ्या जंगलाला कॅमेऱ्याचं ज्ञान द्यायचा. खाली श्रोते जमायचे. तो स्वतः त्या झाडावरून कधीच उतरला नव्हता. एवढं कळायला लागल्यावर उतरायची गरजच राहत नाही.

"प्रवासाला कॅमेरा हवाय," भागोजी म्हणाला.

"छोटा घ्या, भागोजीराव. खिशात मावणारा. प्रवासात हलकं तेच भलं."

अस्वलाला खिसा नसतो, पण भागोजीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक म्हणाला, "छोटा? छोट्याचा सेन्सर केवढा असतो माहितीय का? मुंगीच्या डोळ्याएवढा. तुम्ही आईसाठी घेताय ना? मग आईसाठी असं हलकंफुलकं घेणार?"

हे भागोजीला लागलं. मोठा कॅमेरा ठरला. मोठ्याला तीन लेन्स आल्या. एक लांबचं जवळ दिसायला, एक जवळचं आणखी जवळ दिसायला आणि एक सगळंच्या सगळं मावायला.

अंजनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, जवळचं बघायला जवळ जाऊन नाही का चालणार?"

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. म्हणून तर विचारतेय."

मग ट्रायपॉड आला. कारण हात हलतो. मग गिंबल आलं. कारण पाय हलतो. मग ड्रोन. कारण घारीला जे दिसतं ते आपल्याला का दिसू नये? मग माईक, जादा बॅटऱ्या आणि हे सगळं ठेवायची बॅग. बॅग भिजू नये म्हणून बॅगेला रेनकोट.

यातलं काही घरात आलं नव्हतं बरं का. सगळं अजून ठरतच होतं. रोज एक वस्तू ठरायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापेक्षा चांगली निघायची.

इकडे वरून भुंगे बातमी घेऊन आले. कारवी फुलली!

सोनाई दारापर्यंत आली. या वेळी ती एकदाच बसली. "भागू, फुलली रे!"

"हो आई, जवळजवळ ठरलंच आहे," भागोजी म्हणाला. "बॅगेच्या रंगावर अडलंय."

तो रंगही एकदाचा ठरला. भागोजी तरसाच्या दुकानाकडे निघाला, तेवढ्यात अंजनीने हाक मारली.

"अहो, आजपासून पितृपक्ष आहे."

भागोजी जागीच थांबला. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, हे आमच्या जंगलात वाघसुद्धा पाळतो. कावळे तेवढे त्या दिवसांत खुशीत असतात. प्रत्येक दारात जेवून ढेकर देत फिरतात.

"मग दसऱ्याला घेऊ," भागोजी म्हणाला. "मुहूर्तही चांगला आहे."

"आणि तोवर फुलं थांबतील का?"

"ते खरं गं. पण पितरांचा कोप झाला आणि शटर अडकलं म्हणजे?"

यावर अंजनी काय बोलणार? तिचे सासरे पितरांतच होते.

भागोजी त्रिंबककडे गेला. त्रिंबक म्हणाला, "उत्तम! हाच वेळ वापरा. एवढं सामान घेऊन पठार चढायला झेपणार आहे का, ते आधी बघा. ट्रायल घ्या. खरे प्रवासी ट्रायल घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत."

भागोजी जांभळाखालच्या त्या दुकानात गेला. तरस नेहमीसारखा हसत होता. त्याला दुसरं काही येतच नाही. त्याचं दुकान चालतं ते त्यामुळेच.

"सामान एक दिवस पाठीवर घेऊन बघू का?" भागोजीने विचारलं.

"हॅ हॅ हॅ! हात लागला की माल जुना झाला, साहेब. तुम्ही असं करा, वजन करून बघा. वजन करायला आपल्याकडे काही लागत नाही."

त्याने सगळं सामान तराजूच्या एका पारड्यात मांडलं. आता दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी हवं, म्हणजे ते पाठीवर घेऊन चढता येईल. भागोजीने दगड ठेवला. दगड पाठीला टोचतो. ओंडका ठेवला. ओंडका घरंगळतो. त्याने घरी निरोप धाडला, भोपळा पाठव.

अंजनीने उलटा निरोप पाठवला, "भोपळा मी कापलाय. आत्याबाईंना पाठवते."

आणि अंजनीने खरंच सासूबाईंना पाठवलं. रानडुकराच्या गाड्यावर बसून सोनाई दुकानात आली. तिने पदर खोचला आणि पारड्यात जाऊन बसली. हात मांडीवर, डोळे मिटलेले. मी तिथे होते. मी सहज मीठ आणायला गेले होते.

पारडं सामानापेक्षा किंचित वर राहिलं.

"थोडी कमी पडतेय," भागोजी म्हणाला.

"मधाचं गाडगं दे माझ्याकडे," सोनाई डोळे न उघडता म्हणाली.

गाडगं दिलं. काटा मध्यावर आला.

वर जांभळावरून त्रिंबक ओरडला, "झकास! आई म्हणजे कॅमेरा आणि लेन्स. गाडगं म्हणजे ट्रायपॉड. आता अख्खा रस्ता चढून बघा. अर्धवट ट्रायलला अर्थ नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजीने आईला पाठीवर घेतलं. आमच्याकडे अस्वलांत पिल्लांना पाठीवर घेऊन फिरायची रीत आहे. पिल्लू मोठं झालं की ही रीत संपते. आईला पाठीवर घ्यायची रीत कुठेच नाही. म्हणून रस्त्यातला जो तो थांबून बघत होता.

"काय भागोजीराव, आईला कुठे नेताय?" भेकराने विचारलं.

"आईला नाही हो. सामान आहे," भागोजी म्हणाला. "ट्रायल चाललीय."

मीही मागोमाग निघाले. मला त्या बाजूला काम होतं.

ओढा आला. पाणी कमरेएवढं होतं. एरवी भागोजी ओढ्यात आईला हात देऊन "चल चल" म्हणाला असता. पण लेन्सला पाण्याचा थेंब लागून चालत नाही. त्याने सोनाईला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि एकेक पाऊल जपून टाकत पलीकडे नेलं.

काटेरी झुडपं आली. लेन्सला ओरखडा जाऊन चालत नाही. त्याने चांदाड्याची मोठी पानं तोडली आणि आईच्या तोंडावर, हातांवर नीट बांधली.

"बाळा, जरा उन्हात ठेव मला," सोनाई पानाच्या आडून म्हणाली. "गुडघे दुखतात रे."

"बरोबर आहे. दमट राहिलं की बुरशी येते." त्याने तिला खडकावर कोवळ्या उन्हात बसवलं आणि मऊ पानाने पुसूनही घेतलं.

गाडग्यात बोट घालून सोनाई अधूनमधून चाटत होती. ट्रायपॉड हळूहळू हलका होत होता, पण भागोजीला वाटलं, सवय होतेय.

चढ मोठा होता. भागोजी धापा टाकत होता. एका ठिकाणी सोनाई म्हणाली, "दमलास का? परत फिरू या."

हे बोलताना तिने त्याच्या पाठीवरचे केस घट्ट धरून ठेवले होते. मी मागून बघत होते ना.

"नाही नाही," भागोजी म्हणाला. "इथेच दम लागला तर खऱ्या दिवशी काय करणार?"

आणि मग पठार आलं.

मुलांनो, मला काही तुम्हाला ते सांगता येणार नाही. जांभळं होतं एवढंच सांगते. पायाखालून निघून थेट आभाळाला टेकेपर्यंत. आणि मधमाश्यांचा आवाज एवढा, की स्वतःचा श्वास ऐकू येईना.

सोनाई पाठीवरून उतरली. बसली नाही. झुडपांना धरत धरत सरळ आत गेली. फुलांना तोंड लावलं, नाक लावलं. एका जागी थांबून म्हणाली, "इथे आमची गुहा होती." मग एकटीच हसली. मग रडली. मग तिला मधाचं एक पोळं दिसलं आणि दोन्ही थांबलं.

भागोजी कडेला उभा होता. डोक्याला हात लावून.

"काय उजेड आहे!" तो कळवळून म्हणाला. "आणि आपल्याकडे काही नाही. आत्ता या क्षणाला गिंबल हवं होतं."

"भागू, इकडे ये! हे बघ!"

"आई, हलू नकोस. असा अँगल येईल का बघतो." पंजांची चौकट करून तो तिच्यातून बघत होता. चौकटीत आई मावत नव्हती. मागे सरकत सरकत तो काट्यांत बसला.

संध्याकाळी दोघं खाली आली. भागोजीने त्रिंबकला कळवलं, "वजन झेपतंय."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दसऱ्याला सामान आलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, ड्रोनला झेंडूची माळ घातली. माळ पंख्यात अडकली तो भाग सोडून देऊ. मग भागोजी एकटाच वर गेला. कारवी वाळून गेली होती. काळ्या काड्या उभ्या होत्या नुसत्या. त्याने काड्या शूट केल्या. वरून, खालून, जवळून, आणखी जवळून. एक काडी तर त्याने इतकी सावकाश हलवली, की बघणाऱ्याला झोप लागावी.

जांभळाखाली सगळं जंगल व्हिडिओ बघायला जमलं. सोनाईला पुढे बसवलं होतं.

"अप्रतिम! काय धार आहे चित्राला!" सगळे म्हणाले. त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे कुठलं रे?" सोनाईने विचारलं.

"आई, असं काय करतेस? तुझं माहेर!"

"छे. तिथे तर फुलं होती. मी जाऊन आले ना."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भेकर माझ्या कानात कुजबुजलं, "वय झालंय हो त्यांचं."

"फोटो आहे का एखादा, आजी?" त्रिंबकने वरून मायेने विचारलं.

"फोटो नाही."

"मग झालं तर."

मला बोलायचं होतं. पण मी तिथे काय करत होते, असं कुणी विचारलं असतं.

भागोजी आईच्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "आई, ती ट्रायल होती गं. ती धरायची नसते."

सोनाईने त्याच्या डोक्यात अडकलेली वाळकी काडी काढून टाकली.

"भागू, समुद्र दाखवशील का रे कधी?"

"दाखवतो की! पण त्याला हा कॅमेरा नाही चालायचा. त्याला वॉटरप्रूफ लागेल. बॉक्ससकट. चांगला जड असतो तो."

"घे बाळा. घाई करू नकोस, नीट बघून घे. आणि वजन झेपतं का ते आधी बघ."

त्या दिवसापासून सोनाई रोज एक भाकरी जास्त खाते. अंजनी न विचारता वाढते. भिंतीचं भोक माझ्याच बाजूला आहे, त्यामुळे मला आपोआप कळतं.

तात्पर्य: मुलांनो, प्रवासाचा कॅमेरा कधीही झटपट निवडू नये. जितका घोळ घालाल, तितकी घरातली म्हातारी माणसं फिरून येतील. आणि जे शहाणे म्हणतात, कॅमेरा राहू द्या, सरळ आईला घेऊन जा, त्यांना एवढंच विचारा, तुमची आई शेवटची कुठे गेली होती?