पत्त्यांचा वाद

अमृतच्या मते परभणी जिल्ह्यात गुन्हेगारी आटोक्यात होती याचं कारण तो स्वतः. नाक कुत्र्याचं, नजर घारीची आणि डोकं, तो नम्रपणे सांगे, कशासारखं म्हणावं ते अजून सापडलेलं नाही. त्याच्या बायकोला, विजयमालाला, ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. पण ती त्याची बिनपगारी सहायकही असल्यामुळे बोलली नव्हती.

त्या सकाळी तिची सासू कासाबाई फोन धरून कासावीस झाली होती. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात, चंद्री शेळी व्यायला टेकलेली. मागल्या खेपेला जवळ कुणी नव्हतं आणि करडू गेलं. म्हातारीचे गुडघे धरलेले, म्हणून यंदा गोठ्यात कॅमेरा बसवला. घरातल्या डब्यातून वायफाय निघायचं, आखाड्यावरचा डबा ते झेलून कॅमेऱ्याला द्यायचा. आखाड्यावरचा जळाला म्हणून अमृतनं कालच हुबेहूब घरातल्यासारखा नवा आणला होता. आज दोन्हींचे दिवे लागलेले, चित्र गायब.

"मी जाऊन बसते गोठ्यात," विजयमाला म्हणाली.

"गुन्ह्याची जागा हाय ती. कुलूप घातलंय मी," अमृतनं खिशातली किल्ली थोपटली.

"आवो, आत शेळी हाय."

"साक्षीदार हाय."

त्यानं फोन बघितला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पत्त्यांचा वाद आढळला'. खाली निळ्या चौकटीत, 'बदला'. मध्ये बारीक मजकूर होता, पण गुप्तहेरानं बारीक मजकूर वाचायचा तर चष्मा लावावा लागतो, आणि चष्म्यानं रुबाब जातो.

"पत्त्यांचा वाद. अन् बदला," तो कुजबुजला. "रम्मीत हरलेला माणूस. व्यंकटकाका."

"रम्मीत तुमी हरलाव."

"म्हणूनच त्याच्यावर कुणाचा संशय जाणार न्हाई."

फोन सासूजवळ ठेवून विजयमाला त्याच्यामागे निघाली. किल्ली त्याच्या खिशात होती ना.

सोसायटीच्या ओट्यावर डाव रंगला होता. अमृतनं व्यंकटरावांच्या हातातले पत्ते जप्त केले.

"आमचं नेट कामून तोडलंव?"

"मला माझ्या फोनवरनं नातीशी बोलता येईना, तुझं काय तोडू?" व्यंकटराव म्हणाले. "अन् पत्ता म्हंजे घराचा पत्ता आसंल, येड्या. जोकर दे इकडं."

अमृतचे डोळे चमकले. त्याचं आणि काकांचं, दोन्ही घरं एकाच वाड्याची वाटणी, त्यामुळे दोन्ही दारांवर ग्रामपंचायतीचा एकच नंबर होता. म्हणजे काका अमृतच्या पत्त्यावर घुसखोरी करत होते. नंबर खरवडायला तो घरी धावला.

दारात कासाबाई फोनखाली बोट धरून वाचत होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्यापासून ती खताच्या पोत्यावरचाही सगळा मजकूर वाचायची.

"दो-न उप-कर-णां-चा पत्ता ए-क-च आ-हे. ए-का-चा ब-दला." तिनं मान वर केली. "दोन्ही डब्यांचा पत्ता एकच हाय म्हनं. हाक मारली की दोघंबी ओ द्यायलेत, मंग गोंधळ होईल न्हाई तर काय? दाबते."

"माय, दाबू नको. बदला हाय तो."

"बदलाच म्हणायलंय की." तिनं दाबलं.

आखाड्यावरच्या डब्याच्या पत्त्यातला शेवटचा आकडा एकचा दोन झाला. फोनच्या पडद्यावर फिरणारं चक्र थांबलं आणि चित्र उमटलं. चंद्री आडवी पडली होती, पाय झाडत होती.

विजयमालानं नवऱ्याच्या खिशात सरळ हात घातला, किल्ली काढली आणि पळत सुटली. अमृत मागून धापा टाकत पोचला तेव्हा करडाचे पाय दिसू लागले होते. तिनं हळूच ओढून घेतलं. चिकट, ओलं, काळंभोर करडू भुईवर आलं आणि शिंकलं.

अमृतनं ते निरखलं. चंद्री तर पांढरीशुभ्र.

"काळं? विजे, इथं काहीतरी शिजलंय. याच्या बापाचा पत्ता लावला पाहिजे."

वरच्या कॅमेऱ्यातून कासाबाईचा आवाज आला, "अमृता, बाप व्यंकटरावाच्या दारात बांधलाय. लाज न्हाई, काही न्हाई, कडबा खायलाय. तू ते फडकं दे तिला."