ओव्हनच्या मेंदूचा तपास

"चोर असो की माल, माझ्या नजरेतून सुटत नाही. मी नुसता वास घेऊन सांगतो, वस्तू कुठल्या प्रकरणात मोडते."

भिंगराव कुणालाही भेटले की स्वतःची ओळख अशी करून देत. समोरच्याने काही विचारायच्या आत पुढची वाक्यं येत: देशोदेशींचा माल आपण ओळखला आहे, बादली ही बादली की भांडं या वादात आपला शब्द अखेरचा ठरला आहे, आणि गुन्हेशास्त्र व जकातशास्त्र ही एकाच आईची लेकरं आहेत. खिशात मुठीएवढं भिंग असे. त्याच्या काचेवर एक ओरखडा होता. त्यामुळे भिंगरावांना प्रत्येक वस्तूवर ओरखडा दिसे आणि प्रत्येक ओरखड्याचा ते संशय घेत.

सीमाशुल्काची कागदपत्रं करणाऱ्या एका छोट्या कचेरीत ते वर्गीकरण पाहत. परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूला सरकारी दरपुस्तकातला आठ आकडी क्रमांक द्यायचा, हे ते काम. क्रमांक बदलला की कर बदलतो, आणि क्रमांकावरून वाद झाला की माल गोदीत अडकतो. त्यांच्या हाताखाली टाचणी होती. तिचं खरं नाव वेगळं, पण सगळ्या कचेरीचे कागद एकत्र धरून ठेवणारी तीच, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. भिंगरावांनी बोलायचं आणि टाचणीने काम करायचं, अशी दोघांत सोयीची वाटणी होती.

या टाचणीला गेल्या सोमवारी सीमाशुल्काचा पास मिळाला होता. त्याच्या परीक्षेला ती तीनदा बसली. दोन वर्षं तिने ओट्यावर दरपुस्तक उभं करून, एका हाताने स्वयंपाक आणि दुसऱ्याने पानं उलटत अभ्यास केला होता. भिंगराव त्याच परीक्षेला सातदा बसले होते, आणि त्यांच्या मते सातही वेळा परीक्षक नापास झाले होते. पास नसलेल्याला नमुना ताब्यात घेता येत नाही. म्हणून बुधवारी सकाळी ओव्हन बनवणाऱ्या कारखान्याकडून वादातला नमुना आला, तेव्हा वहीत टाचणीने सही केली. नव्या पासाच्या जोरावर केलेली ती पहिली सही. सहीखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: नमुना गहाळ झाल्यास सही करणाऱ्याचा पास रद्द.

गुरुवारी सकाळी तिने खोका उघडला, तर आत नुसता थर्माकोल.

नमुना म्हणजे घरगुती ओव्हनचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल पॅनेल. हिरवी पट्टी, चार बटणं, आकडे दाखवणारी काच आणि मागून निघालेली एक लांब वायर. अशी पाचशे पॅनेलं गोदीत अडकून पडली होती. सीमाशुल्काचं म्हणणं, यात वेळ लावता येते, तर हे घड्याळ. कारखान्याचं म्हणणं, हा ओव्हनचा सुटा भाग. भिंगरावांचं म्हणणं, दोघंही चूक, पण बरोबर काय ते योग्य वेळी सांगू. कचेरीने तीन पत्रं पाठवूनही वाद मिटेना, तेव्हा सीमाशुल्काच्या अधिकारी मॅडमनी कळवलं की गुरुवारी दुपारी तीन वाजता मी स्वतः येऊन नमुना बघते.

"भिंगराव, नमुना नाहीये," टाचणी म्हणाली.

भिंगरावांचा चेहरा उजळला. सतरा वर्षं ते याच वाक्याची वाट बघत होते. "कशाला हात लावू नकोस. चोरी झाली आहे."

"कदाचित कुठेतरी ठेवला गेला असेल. कपाटं बघू या आधी."

"कपाटं सामान्य माणसं बघतात."

टाचणीने सामान्य माणसासारखी सगळी कपाटं बघितली. तोवर भिंगरावांनी खोक्यावर भिंग धरून ओरखडा शोधून काढला आणि पहिला सिद्धांत मांडला: वरच्या मजल्यावरची प्रतिस्पर्धी एजन्सी. "काल लिफ्टमध्ये त्यांचे दोघं हसत होते. लिफ्टमध्ये हसण्यासारखं असतं काय?"

"तुमच्या पाठीला 'नाजूक माल, ही बाजू वर' अशी चिठ्ठी चिकटली होती. मी नंतर काढली."

भिंगरावांनी हा पुरावा बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने दुसरा सिद्धांत आला: खोका मुळात रिकामाच आला होता, आणि हा कारखान्याचा डाव. "वस्तूच नाही, तर वर्ग कसला? वर्ग नाही, तर कर कसला? केवढं डोकं आहे बघ."

"मी स्वतः पॅनेल हातात घेऊन त्यावर नंबराची चिठ्ठी लावली, भिंगराव."

"तुला तसं वाटावं अशीच त्यांची योजना होती."

एक वाजता हिशेबनीस काका शीळ वाजवत जेवणाच्या खोलीतून बाहेर आले. गेले आठ दिवस हे गृहस्थ तोंड पाडून फिरत होते. भिंगरावांनी त्यांना दारातच अडवलं.

"काका, आज स्वारी खुशीत?"

"जेवण छान झालं. गरम."

"गरम," भिंगराव पुटपुटले आणि टाचणीला कोपऱ्यात घेऊन गेले. "ऐकलंस? लाच खाल्ल्याशिवाय या माणसाला जेवण छान लागलेलं कधी पाहिलंयस?"

टाचणीचं लक्ष नव्हतं. कचेरीचे मालक, साहेब, परगावी होते आणि त्यांचा फोन येऊन गेला होता. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "तीनपर्यंत बघ मिळतोय का," ते म्हणाले होते, "नाहीतर पासाचं माझ्या हातात काही नाही गं." दोन वर्षांची पानं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिला रडू येत होतं, आणि भिंगरावांपुढे रडायचं नाही एवढं एकच तिने पक्कं ठरवलं होतं.

"काल मी दुपारभर गोदीवर होते," ती म्हणाली. "तेव्हा इथे कोण कोण आलं?"

"कुणी नाही. एक वायरमन आला होता, पण तो माझ्यासमोर आला आणि माझ्यासमोर गेला. मी त्याला आपल्या कामाबद्दल चार शब्द सांगितले. भला माणूस, तासभर ऐकून घेतलं."

टाचणीने वायरमनला फोन लावला. "खांबावर आहे, उतरलो की करतो," एवढं बोलून त्याने तो ठेवला.

तेवढ्यात भिंगरावांची यादी तयार झाली होती. एक, वरची एजन्सी. दोन, कारखाना. तीन, हिशेबनीस काका. चार, मी स्वतः. "यादी पुरी असावी म्हणून," त्यांनी खुलासा केला. "आता अडचण अशी, की चौघांवर सारखाच संशय आहे."

"दरपुस्तकात याला नियम आहे," टाचणी म्हणाली. परीक्षेत हा प्रश्न तिला तिन्ही वेळा आला होता. "वस्तू दोन-तीन जागी सारखीच बसत असेल, तर क्रमाने शेवटची जागा धरायची."

भिंगरावांनी यादीतल्या शेवटच्या नावाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "हा नियम मला कधीच पटला नाही."

बरोबर तीन वाजता अधिकारी मॅडम आल्या. हातात फाईल, खांद्याला पिशवी आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा उपास. "नमुना नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी दोन घास खाते. रिकाम्या पोटी मी सगळ्यांना घड्याळात टाकते. डबा गरम करायची काही सोय?"

"ओव्हन आहे, पण आठ दिवस बंद आहे, मॅडम," टाचणी म्हणाली आणि त्यांच्या मागोमाग जेवणाच्या खोलीत गेली. जे आहे ते सरळ सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. हा ओव्हन त्याच कारखान्याने गेल्या वर्षी कचेरीला भेट दिला होता, आणि त्याचं पॅनेल मागच्या आठवड्यात जळलं होतं.

मॅडमनी डबा आत ठेवून बटण दाबलं. ओव्हन लागला.

"चालतोय की," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"मॅडम, मला तुम्हाला नमुन्याबद्दल काही सांगायचंय. मी सही करून घेतला होता, पण आज सकाळी..."

"सांगताय काय, बघतेच आहे." मॅडमनी चष्मा वर केला. "यावरची चिठ्ठी तेवढी तिरकी लागलीय."

आकड्यांच्या काचेशेजारी चिठ्ठी होती. अक्षर टाचणीचं होतं: नमुना क्रमांक एक.

त्याच वेळी वायरमनचा फोन आला. टाचणीने स्पीकर लावला. "ते पॅनेल होय? तुमच्या त्या भिंगवाल्या साहेबांनीच माझ्या हातात दिलं. म्हणाले, हा ओव्हनचा मेंदू, नीट बघ. मी ओव्हनच दुरुस्त करायला आलो होतो, मला वाटलं, बसवायलाच दिलाय. त्यांचं बोलणं काही संपेना, म्हणून ऐकता ऐकता बसवून टाकला."

दारात उभ्या असलेल्या भिंगरावांनी भिंग खिशात घातलं. मग त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, यालाच प्रात्यक्षिक म्हणतात."

"काखेत कळसा म्हणतात," हिशेबनीस काका मागून म्हणाले.

मॅडमचं लक्ष ओव्हनवर होतं. आतून टक् असा आवाज आला आणि लाल दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा टक्, आणि दिवा लागला. "मी तर दहा मिनिटं लावली होती," त्या टाचणीकडे वळल्या. "मग हा मध्येच बंद का झाला? तुम्ही सांगा. सही तुमची आहे ना?"

कचेरीत असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "ते घड्याळाचं काम नाही, मॅडम. मागच्या वायरीने ते आतली उष्णता मोजतं. लावलेल्या आकड्याशी ताडून बघतं. जास्त झाली की तोडतं, कमी झाली की जोडतं. वेळ लावायची सोय आहे, पण मुख्य काम हे. मी त्याला स्वयंनियंत्रक उपकरणांत घालीन."

"मग तीन पत्रांत हे का लिहिलं नाही?"

"पत्रं मी लिहिली होती," भिंगराव अभिमानाने म्हणाले.

मॅडम जेवल्या. जेवता जेवता त्यांनी आणखी सहा वेळा टक् ऐकलं आणि फाईलवर क्रमांक लिहिला. मग त्यांनी नमुन्याची वही मागवली. टाचणीने ती उघडून पुढे केली.

"गहाळ म्हणजे जे सापडत नाही ते," वहीतली बारीक अक्षरं वाचत त्या म्हणाल्या. "हा सापडला, आणि चालू आहे. पण इथवर कसा आला, ते लिहून द्या. खरं खरं. आणि पुढच्या वेळी नमुना कुलपात ठेवा. माणसांपासून."

टाचणीने निवेदन लिहायला घेतलं. भिंगराव खांद्यावरून वाकून वाचत होते. तिसऱ्या ओळीत त्यांना आपलं नाव दिसलं. सतरा वर्षांच्या नोकरीत सरकारी कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच येत होतं. ते त्यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी वाचलं, मग भिंगातून वाचलं: भिंगराव यांनी तो नमुना कुणालाही न विचारता वायरमनकडे सोपवला.

"टाचणी," ते हळूच म्हणाले, "'सोपवला'च्या आधी 'विचारपूर्वक' घालता येईल का गं?"

टाचणीने वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळेही भरून आले. 'विचारपूर्वक' तिने घातलं नाही. 'कुणालाही न विचारता' मात्र खोडलं, आणि खाली पासाचा क्रमांक टाकून सही केली.