राखाडी काचेतला पिवळा मफलर

"थंडी आधी माझ्या काचेत येते, मग रस्त्यावर!" ताईने शिडीवरूनच जाहीर केलं.

कपड्यांच्या त्या दुकानाची दर्शनी काच सजवणं हे तिचं काम. हात असा, की तिने कोट चढवला तर पुतळासुद्धा पोट आत घ्यायचा! मालकांच्या हातात मात्र सेलची लालभडक पोस्टरं होती.

"संध्याकाळपर्यंत गर्दी झाली नाही, तर ही चिकटणार. कायमची!" असं बजावून ते गोदामाकडे गेले.

ताईने हिवाळ्याचे रंग ठरवले होते. राखाडी, गडद निळा, धुरकट पांढरा आणि मधोमध एकच पिवळा. तो नसला तर सगळी काच दवाखान्याच्या भिंतीसारखी! पण पिवळा माल आलेलाच नव्हता. आणि मालकांच्या केबिनमध्ये, खुंटीवर, त्यांचा मोहरीपिवळा मफलर लोंबत होता.

"संध्याकाळच्या आत परत आणते," असं खुंटीला सांगून ताईने तो पुतळ्याच्या गळ्यात टाकला.

काच पेटलीच! बस समोरून निघून गेली तरी माणसं थांब्यावरून हलेनात.

ताई जेवून परतली, तर पुतळ्याचा गळा मोकळा.

"मफलर कुठाय गं?"

"विकला!" कालच लागलेली विक्रेती खुशीत म्हणाली. "काचेतलं मागितलं की काढून द्यायचं, तुम्हीच सांगितलंत ना ताई? किमतीची चिठ्ठी नव्हती, मग शेजारच्या मफलरची लावली."

ताईने केबिनमधल्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. तरी तिने आधी काच सावरली. पुसायचं कोरं पिवळं फडकं काढलं, दोन घड्या, एक गाठ, पुतळ्याच्या गळ्यात. लगेच एक गृहस्थ आत आले.

"तो रुमाल केवढ्याला?"

संध्याकाळी मालक परतले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"पोस्टरं माळ्यावर टाका! ताई, तुझ्या नजरेला तोड नाही. पण माझा मफलर दिसत नाही गं?"

ताई तोंड उघडणार, तोच मालकीणबाई आत आल्या.

"अहो, तुमचं ते जुनं लक्तर टाकून द्या आता! दुपारी इथूनच गुपचूप घेतला हा. या मुलीने मला ओळखलंसुद्धा नाही! काचेत असा काही खुलला होता... नव्याची ऊबच वेगळी!"

मालकांनी मफलर गळ्यात घेतला. टोकावरचा आपलाच चहाचा डाग पाहिला. मग ताईकडे पाहिलं.

"वा! काय ताजा रंग आहे!" ते बायकोला म्हणाले.

आणि ताईच्या कानाशी वाकून हळूच, "उद्या माझा जुना कोट लाव काचेत."