मोठ्ठा आ

गाद्या-उशांच्या धंद्यात एक गोष्ट माणूस लवकर शिकतो. गिऱ्हाईक उभं असतं तोवर तोऱ्यात असतं. गादीवर आडवं झालं की खरं बोलायला लागतं. आपले गादीवाले (त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे) एवढ्याच शहाणपणावर दुकान चालवत आले होते. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नाही. फोमची पारख, घासाघीस, दुकानापुरतं इंग्रजी, हे सगळं ते बघून, ऐकून आणि फसून शिकले. म्हणून सुनेची भाषा शिकायची वेळ आली तेव्हा ते मुळीच डगमगले नाहीत. डगमगले असते तर बरं झालं असतं.

ती वेळ का आली, ते आधी सांगतो. सूनबाई दूरच्या मुलखातली. घरात आली आणि तिने सासरची भाषा इतकी चटकन उचलली की तिची भाषा शिकायला हवी, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लग्नात गादीवाले आणि त्यांचे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, निवृत्त न्यायाधीश, संध्याकाळभर एकाच सोफ्यावर एक अक्षरही न बोलता बसून होते. उठताना न्यायाधीशांचं मत झालं, की हा माणूस शिष्ट आहे. गादीवाल्यांचं मत झालं, की सोफ्याचा फोम हलका आहे.

आता इतक्या दिवसांनी न्यायाधीशांनी लेकीला निरोप धाडला होता: आमचा वरचा मजला रिकामा आहे, जावयाला इथे चांगली नोकरी मिळेल, पोरीला घेऊन इकडेच या. बोलणी पक्की करायला ते स्वतः सपत्नीक येणार होते. सूनबाई दुपारचा चहा देता देता सासऱ्याला म्हणाली,

"बाबा, मला जायचं नाहीये. पण वडील म्हणतात, ज्या घरात तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलायला कोणी नाही, तिथे तू एकटी पडशील. मी काय उत्तर देऊ त्यांना?"

गादीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. दुकान बंद करून ते घरी वळत, तेव्हा खिडकीच्या काचेला एक चपटं झालेलं नाक चिकटलेलं दिसे. ते नाक ठमीचं, म्हणजे त्यांच्या नातीचं. ती काच रिकामी दिसणार, एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला आणि चहा तसाच राहिला. व्याह्यांशी आपण त्यांच्याच भाषेत बोलायचं, त्यांनी ठरवलं.

प्रौढांसाठी भाषेचा एक वर्ग होता, तिथे ते जाऊन बसले. तिथल्या मास्तरांनी पहिल्या दिवसापासून एकच वाक्य घोटून घेतलं: माझ्या काकांची लाल छत्री टेबलाखाली आहे. गादीवाल्यांना काका नव्हते. असते, तरी त्यांच्या छत्रीचा ठावठिकाणा न्यायाधीशांना सांगून नात थोडीच थांबणार होती? चौथ्या वेळी ते वर्गात घोरले आणि मास्तरांनी त्यांना प्रेमाने घरचा रस्ता दाखवला.

अशा पडत्या काळात पाळण्याची गादी घ्यायला एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, लहान मूल कुठे व्याकरण शिकतं? ते नुसतं ऐकतं. शब्द आणि वस्तू एकदमच त्याच्या समोर येतात. मोठ्यांनीही तसंच शिकावं, पण त्यांना लाज वाटते. गादीवाल्यांना हे मनोमन पटलं. वेष्टनावरचा मजकूर वाचून कोणाला झोप लागत नाही, गादीवर पडावं लागतं, हे ते गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आले होते. त्या आनंदात त्यांनी डॉक्टरीणबाईंना एक उशी फुकट दिली. (ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त चूक.)

दुसऱ्या दिवसापासून ठमीच्या उंच खुर्चीशेजारी एक बुटकं स्टूल आलं आणि त्यावर गादीवाले. सूनबाई लेकीशी तिच्याच भाषेत बोले, ते त्यांना ठाऊक होतं. दुपारचं आणि संध्याकाळचं भरवणं, आंघोळ, केस पुसणं, बूट घालणं, सगळीकडे ते हजर. अट एकच, आणि ती त्यांनी स्वतःच घातली: अर्थ सांगायचा नाही आणि चुकलं तर सुधारायचं नाही. मूल शिकताना त्याला कोण सुधारत बसतं?

ठमीने हात वर केले की तेही करत. ठमीने जीभ दाखवली की तेही दाखवत. सूनबाईने चमचा पुढे केला की दोन तोंडं उघडत. त्यांची बायको ओट्याशी उभी राहून हे पाही. एकदा तिने अगदी शांतपणे विचारलं,

"अहो, उद्यापासून तुम्हालाही लाळेरं बांधू का? शर्ट मलाच धुवावे लागतात."

पण खरं सांगायचं तर युक्ती फळली. काकांची छत्री आठवायला त्यांना कपाळ चोळावं लागे; इथे मात्र शब्द आपोआप तोंडात यायचे, कारण प्रत्येक शब्दाला कशाचा ना कशाचा वास किंवा चटका चिकटलेला होता. गरम दुधाची वाटी दिसली की तोंडातून "हाय हाय, फुंकर घाल" निघे. उच्चार तर असे, की सूनबाई तोंडाला पदर लावून हसे. ते कौतुकाचं हसू आहे, असं गादीवाल्यांनी धरलं. ते तसं होतंही. फक्त सगळं कौतुकच नव्हतं.

पाहुणे आले तो दिवस. गादीवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. न्यायाधीश दारात उभे: उंच, ताठ, भुवया अशा की समोरच्याला आपण काहीतरी केलंय असं उगाच वाटावं. गादीवाल्यांचे चिरंजीव सामान उतरवत होते. दुभाष्याचं काम सूनबाईने करायचं ठरलं होतं, पण तिने तोंड उघडायच्या आत गादीवाले पुढे झाले आणि न्यायाधीशांच्या भाषेत, जराही न अडखळता म्हणाले,

"आलं कोण, आलं कोण? दमलं माझं पिल्लू? चल, हात दाखव बघू. दोन्ही."

आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाला हुकूम घ्यायची सवय नसते. गोंधळून न्यायाधीशांनी दोन्ही हात पुढे केले. गादीवाल्यांनी ते उलटसुलट पाहिले, "शहाणं गं ते" म्हणाले आणि त्यांना हाताला धरून बेसिनकडे नेलं. विहीणबाई खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच.

जेवणाच्या टेबलावर तर गादीवाल्यांच्या जिभेला धार चढली. सूपचा चमचा न्यायाधीशांच्या हातात अधांतरी राहिलेला पाहून त्यांनी यजमान म्हणून आग्रह केला,

"आ कर. मोठ्ठा आ. थुंकायचं नाही हं. एवढं संपवलं की आपण भूभू बघायला जाऊ."

चिरंजीवांनी ठमीचं भरवणं रोज ऐकलेलं; त्यांनी मान इतकी खाली घातली की नाक सूपला लागलं. खांदे गदगदत होते. बायकोला शब्द कळले नाहीत, पण नवऱ्याने माती खाल्ली की तिला भाषेची गरज पडत नसे. ठमी मात्र खूश होऊन टाळ्या पिटत होती. न्यायाधीशांनी चमचा ठेवला, रुमालाने ओठ टिपले, उठले आणि आतल्या खोलीकडे निघाले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीला गादीवाल्यांनी अतिशय आपुलकीने विचारलं,

"शू आली का?"

खोलीचं दार लागलं. गादीवाल्यांनी विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं. व्याह्यांना बहुतेक भरून आलं, असा त्यांचा समज झाला.

स्वयंपाकघरात सूनबाईने त्यांना एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. ऐकता ऐकता ते त्याच बुटक्या स्टुलावर बसले. आपली सगळी विद्या दोन फूट उंचीच्या माणसासाठी होती, हे त्यांना आत्ता कळलं. ठमी जाणार, आणि आपणच तिला गाडीत बसवून दिलं. त्यांनी विचारलं, "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, सुधारायचं नाही." सूनबाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आणि बाबा, मला आवडत होतं. माझी आई माझ्याशी असंच बोलायची. माहेर सुटल्यापासून पहिल्यांदाच कोणी मोठं माणूस माझ्या भाषेत माझ्याशेजारी बसत होतं."

गादीवाले उठले. माफी तर मागायलाच हवी. पण कुठल्या शब्दांत? मोठ्या माणसाची माफी त्यांना कोणी भरवलीच नव्हती. आतल्या खोलीच्या दारावर टिचकी मारून ते आत गेले. न्यायाधीश पलंगावर, गादीवाल्यांनी खास निवडून टाकलेल्या गादीवर, पाठ ताठ धरून बसले होते. गादीवाल्यांनी होतं ते सगळं भांडवल पुढे ठेवलं. ठमी वाटी फेकते तेव्हा सूनबाई तिच्याकडून जे वदवून घेते, तेच ते मान खाली घालून म्हणाले,

"चुकलं माझं. परत नाही करणार. गट्टी?"

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्या भुवयांखाली किती जणांची पाचावर धारण बसली असेल, देव जाणे. मग एक भुवई वर गेली आणि त्यांनी खणखणीत आवाजात एकच शब्द उच्चारला.

"भूभू?"

गादीवाल्यांना कळेना. न्यायाधीशांनी बोट स्वतःच्या पोटाकडे नेलं (सूप संपवलंय की नाही, हा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवलेला दिसला), मग गादीवाल्यांकडे, मग दाराकडे. साक्षीदारांसमोर कबूल केलेली गोष्ट पाळावी लागते, एवढं शब्दांवाचूनही समजलं. दोघं बाहेर पडले. बेकरीच्या पायरीवर एक लठ्ठ तांबडा कुत्रा झोपलेला असे. एक निवृत्त न्यायाधीश आणि एक गादीवाला त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याला पाहत राहिले. तोवर न्यायाधीशांचा चेहरा गंभीर होता. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतके हसले की कुत्रा उठून निघून गेला.

पुढे पाहुणे राहिले तितके दिवस रोज हाच फेरा. जाता येता दोघं एकमेकांना खांब, ढग, सायकल, बूट दाखवत. निघायच्या आदल्या संध्याकाळी न्यायाधीशांनी लेकीला जवळ बसवून सांगितलं, वरचा मजला मी भाड्याने देतो. या घरात तू एकटी नाहीस. तुझ्या भाषेत बोलणारा आहे एक, जरा बालिश आहे इतकंच. सूनबाईने ते सगळ्यांना समजावून सांगितलं आणि गादीवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी गाडी दारात आली. न्यायाधीशांनी खूण करून सगळ्यांना थांबवलं. त्यांनाही काही बोलायचं होतं, आणि तेही गादीवाल्यांच्या भाषेत. त्या घरात राहून, नुसतं ऐकून, तेही शिकले होते. गादीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, ते स्वच्छ उच्चारात म्हणाले,

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं? हजारदा सांगितलं, बूट बाहेर काढा. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका. काही म्हणजे काही कळत नाही तुम्हाला."

आणि त्यांनी गादीवाल्यांना घट्ट मिठी मारली.

गाडी वळणाआड गेली. चिरंजीव भिंतीला टेकून हसत होते. गादीवाल्यांनी आधाराच्या आशेने बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. तिथे उंबऱ्याच्या आत बूट होते, आणि बुटांत ते.

"बघा," ती म्हणाली, "ज्यांना आपली भाषा येत नव्हती, त्यांनासुद्धा माझं बोलणं चार दिवसांत पाठ झालं."