ढाळाची आवड

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: ज्यांची ब्रँच ठरली आहे ते, आणि ज्यांच्या घरी ती ठरवायला पाहुणे आले आहेत ते. इंजिनिअरिंगला मुळात जायचं का, हा प्रश्न तिसऱ्याच प्रकारचा असून तो सभ्य घरांत विचारला जात नाही.

छकुली (वय अठरा, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, तरी घरात नाव हेच) दुसऱ्या प्रकारात मोडत होती. तिचा निकाल लागला त्या रविवारी बाहेरच्या खोलीत जे मंडळ जमलं त्यात आई, बाबा, शेजारच्या दातांच्या डॉक्टर काकू आणि मामा होते. मामा विमा कंपनीत दावे नाकारायच्या टेबलावर बसतात, त्यामुळे भविष्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

मामांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. एकेक ब्रँच घ्यायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "स्कोप नाही." स्कोप म्हणजे नेमकं काय हे आजवर कोणी विचारलेलं नाही, कारण विचारणाऱ्याला तो नसतो. (एवढं मात्र निश्चित, की स्कोप नेहमी दुसऱ्याच्या मुलाने घेतलेल्या ब्रँचमध्ये असतो आणि आपण पोचेपर्यंत संपतो.) मेकॅनिकलला पूर्वी होता. इलेक्ट्रिकलला आहे, पण लांब. केमिकलला आहे, पण वास येतो. सिव्हिलचं नाव निघालं तेव्हा मामांनी डोळे बारीक करायचेही कष्ट घेतले नाहीत.

"कॉम्प्युटर," मामा म्हणाले.

"कॉम्प्युटरच," डॉक्टर काकू म्हणाल्या. "आमच्या दातांना काही आता स्कोप राहिला नाही."

"पण दात तर सगळ्यांनाच असतात," बाबा म्हणाले. त्यावर सगळ्यांनी बाबांकडे असं काही पाहिलं की ते चहा गरम करायला आत निघून गेले.

तुला काय आवडतं, हा प्रश्नही बैठकीत छकुलीला रीतसर विचारला गेला. तो चहातल्या साखरेबद्दल होता.

वास्तविक छकुलीला काय आवडतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. रस्ता कुठे खणलेला दिसला की ही तिथे हजर. काही मुलांना खेळण्यांच्या दुकानासमोरून ओढून न्यावं लागतं; हिला उघड्या चेंबरपासून ओढून न्यावं लागे. पाणी सांडलं की बाकीचे फडकं आणायला पळत, ही उकिडवी बसून बघे की ते निघालंय कुठे. सहा वर्षांची असताना न्हाणीघरात उभी राहून ती म्हणाली होती, "आई, आपल्या फरशीला ढाळच नाहीये," आणि खरोखरच नव्हता. ढाळ म्हणजे पाणी आपल्या वाटेने निमूट जावं म्हणून फरशीला नि पाइपला दिलेला उतार. या शब्दाचा दुसरा अर्थ पोटाशी संबंधित असून तो लवकरच उपस्थित होईल.

तर छकुली कॉम्प्युटरला गेली. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेले, भिंतीवर घड्याळ आणि त्याच्याकडे बघणारी साठ मुलं. या साठांमध्ये स्वतःच्या मर्जीने आलेला एकच होता, आणि त्याचा वर्ग चुकला होता. बाकीच्यांना कोणाच्या ना कोणाच्या मामांनी पाठवलं होतं. छकुलीचं नशीब असं, की तिला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि पडदा बोटभर सरकवला की मागच्या नव्या इमारतीचं सांडपाण्याचं काम दिसायचं. चर खणला गेला. पाइप आला. पाइप टाकला गेला, तो उलटा. म्हणजे ढाळ रस्त्याकडे हवा, तो इमारतीकडे.

"सर, ते पाइप उलटा टाकताहेत."

"तुझा प्रोग्राम चालतोय का?"

"चालतोय."

"मग तुला काय त्रास आहे?"

छकुलीने त्या तासाला बसल्या बसल्या आयुष्यातला पहिला निर्णय स्वतः घेतला. घरी येऊन दप्तर खाली ठेवायच्या आत तिने तो जाहीर केला, कारण ठेवल्यावर धीर झाला नसता. "मला सिव्हिलला जायचंय. सांडपाण्याचं शिकायला."

"अगं, कोणी विचारलं मुलगी काय करते, तर काय सांगू मी?" आई म्हणाली. "गटारात गेली म्हणून?"

"विचार कर," बाबा म्हणाले. ते कोणाला उद्देशून होतं हे त्यांनी सांगितलं नाही. मामांना फोन लावण्यात आला. पलीकडे डोळे बारीक झाल्याचं फोनवरूनही ऐकू आलं.

ब्रँच बदलण्याची सोय विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या हितासाठी उदार मनाने ठेवलेली आहे. ती कोणी वापरू नये म्हणून नियमही ठेवलेले आहेत. अर्ज पहिल्या वर्षाअखेरीस आणि एकदाच करता येतो. हुकला की पुढची सगळी वर्षं आणि त्यानंतरची सगळी नोकरी त्याच ब्रँचमध्ये. शिवाय अर्जदाराला सध्याच्या ब्रँचमध्ये अव्वल गुण हवेत. ज्याला ही ब्रँच झेपत नाही त्याला दुसरी कशी झेपेल, आणि ज्याला झेपते त्याने ती सोडावी कशाला, असा हा दुहेरी विचार असून तो ज्या समितीने केला तिच्यातल्या एकालाही नंतर बढती नाकारली गेली नाही. जिथे जायचं तिथे जागाही रिकामी हवी. (जागा रिकामी असणं हाच तिथे स्कोप नसल्याचा पुरावा, त्यामुळे तिथे जाऊ पाहणाऱ्याच्या डोक्याची काळजी विद्यापीठाला वाटते, आणि वाटायलाच हवी.) हे सगळं पार पडलं की उरतो आवडीचा पुरावा.

"आवडीचा पुरावा जोडलेला नाही," विद्यापीठात अर्जांच्या खिडकीमागचे साहेब म्हणाले.

"तो कसा असतो?"

"फोटो चालेल."

"आवडीचा फोटो?"

"आवडत असताना काढलेला. चेहरा समोर हवा. मागे एकीने रडतानाचा दिला होता. रडणं म्हणजे नावड झाली. नावडीची खिडकी बंद आहे."

"लिहून दिलं तर?"

"द्या. थोडक्यात."

छकुलीने थोडक्यात लिहिलं: 'मला लहानपणापासून ढाळाची आवड आहे. ढाळ नीट नसेल तर मला चैन पडत नाही. घरच्यांना याचा त्रास होतो, पण माझा नाइलाज आहे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, सहानुभूतीने तिच्याकडे पाहिलं आणि अर्ज तातडीने विद्यापीठाच्या दवाखान्यात पाठवला.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा वर्षांची होते तेव्हापासून."

"बापरे. दिवसातून किती वेळा?"

"ते खोदकामावर आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी पाण्यात विरघळवायच्या पावडरची पाकिटं दिली आणि दाखला लिहिला की विद्यार्थिनीला दीर्घकाळ ढाळ असूनही तिचं मनोधैर्य असाधारण आहे. हा दाखला 'आवडीचा पुरावा' म्हणून फायलीला लागला. विद्यापीठाच्या इतिहासात त्या सदरात डॉक्टरांची सही असलेला हा पहिलाच कागद.

गुणांचंही तिने जमवलं. कॉम्प्युटरमधून सुटायचं तर कॉम्प्युटरमध्ये पहिलं यायला हवं होतं, म्हणून ती पहिली आली. ती रात्रंदिवस घासत होती तेव्हा आई शेजारी दूध ठेवून जायची आणि बाबांना म्हणायची, "बघा, रमली." विभागप्रमुखांनी तर तिला बोलावूनच घेतलं.

"इतके गुण मिळवलेस, आणि जाणार म्हणतेस?"

"जाता यावं म्हणूनच मिळवले, सर."

"पाहिलंस? ध्येय असलं की माणूस काय करू शकतो. ते ध्येय तुला कोणी दिलं? या ब्रँचने." आणि त्यांनी 'सोडण्यास हरकत आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

समितीची बैठक मागच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यांवर कोणी नळ सोडला की बैठकीच्या खोलीत पाणी यायचं, आणि वरच्या मजल्यांवर माणसं काम करत असल्यामुळे ते सारखंच यायचं. समितीचे सदस्य पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून, फायली मांडीवर घेऊन विराजमान होते. पाण्याविषयी कोणी बोलत नव्हतं. मागच्या बैठकीच्या वृत्तांतात त्याचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ते नियमानुसार तिथे नव्हतंच.

घरून पालक म्हणून मामा आले होते, विरोध करायला, नव्या बुटांत.

"प्रकृतीचं ऐकून वाईट वाटलं," अध्यक्ष मॅडम दाखला वाचत म्हणाल्या.

"मॅडम, तो ढाळ नाही. हा ढाळ." छकुलीने खाली बोट दाखवलं. समितीने त्या वर्षात प्रथमच अधिकृतपणे खाली पाहिलं. "पाणी बाहेर जायच्याऐवजी आत येतंय, कारण पाइप उलटा टाकलाय. टाकताना मी वरून बघत होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पण माझा प्रोग्राम चालत होता."

मॅडमनी समजुतीने मान हलवली. "तुझी आवड आम्हाला मान्य आहे. पण बाळ, नुसत्या आवडीवर ब्रँच द्यायला लागलो, तर उद्या सगळ्यांनाच काहीतरी आवडायला लागेल. मग आम्ही काय करायचं?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि 'अमान्य'मधला 'अ' लिहिला. छकुलीला तो ओढलेला पडदा दिसला, घड्याळ दिसलं, आणि त्या घड्याळाखाली हळूहळू म्हातारी होणारी एक उंच बाई दिसली. तिने रडणं रद्द केलं, कारण नावडीची खिडकी बंद होती.

"पालकांचं म्हणणं?" मॅडमनी पेन न उचलता विचारलं.

मामांनी एक पाय वर घेतला. बुटातून पाणी ओतलं. मोजा पिळला. मग डोळे बारीक केले.

"हे असं आणखी कुठे असतं गं?"

"सगळीकडे, मामा."

"नव्या इमारतींतसुद्धा?"

"नव्यांत जास्त."

मामांचे डोळे सावकाश उघडले. ते उघडे कसे दिसतात हे छकुलीने तोवर पाहिलेलं नव्हतं. चांगले होते, आईसारखे.

"स्कोप आहे," मामा म्हणाले.

पाणी येतच होतं. मग समितीतल्या एकाने घाईघाईने काहीतरी टिपून घेतलं (त्यांची भाची यंदा परीक्षेला होती), दुसऱ्याने त्याच्याकडे बघून टिपून घेतलं, आणि मॅडमनी 'अ' खोडून 'मंजूर' लिहिलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द घातला, आणि तो आवड नव्हता.

पुढच्या वर्षी सिव्हिलच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या. कॉम्प्युटरच्या रिकाम्या राहिल्या, त्यावरून तिथे स्कोप नसल्याचं सिद्ध झालं. सिव्हिलच्या नव्या वर्गात साठ मुलं आहेत. त्यांतला खिडकीजवळचा एक मुलगा दिवसभर समोरच्या कॉम्प्युटरच्या खोलीकडे टक लावून असतो, पण त्याला वाटतं तसं काही नाही, रमेल हळूहळू. आई हल्ली लोकांना सांगते, "आमची छकुली ना, पाण्यात असते," आणि लोक बोटींची चौकशी करतात. छकुली गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून चेंबरमध्ये उतरते, वर येते तेव्हा कपाळाला चिखल असतो आणि ती हसत असते.

बस, एवढीच गोष्ट. मुलगी खूश आहे, याउपर सांगण्यासारखं काही नाही.

तरी तुम्ही थांबलात. खूश आहे ते ठीक, पण मामा यंदा काय म्हणताहेत, हेच ना? लाजू नका, सगळेच विचारतात. मामा शनिवारी मोकळे असतात, सकाळपासून रांग लागते, लवकर या. ज्याच्यासाठी येणार तो पोरगा तुमच्याच घरी पलीकडच्या खोलीत बसलाय, त्यालाही विचारता आलं असतं म्हणा. पण त्याला काय कळतंय.